कर्मचाऱ्यांचे मानसिक आरोग्य : समुपदेशनाआधी कामाची रचना सुधारणे आवश्यक

चंदीगड : मानसिक आरोग्यसेवा रुग्णालयाच्या भिंतींबाहेर नेण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयोगांपैकी एक चंदीगडमधून झाला. येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत १९६३ मध्ये मानसोपचार विभाग सुरू करणारे डॉ. एन. एन. विग यांच्या पुढाकाराने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने, १९७५ पासून हरियाणातील रायपूर राणी येथे ग्रामीण प्रकल्प राबविण्यात आला. आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांना मर्यादित प्रशिक्षण दिले तरी ते मानसिक आजाराची लक्षणे ओळखून रुग्णाला योग्य ठिकाणी पाठवू शकतात, हे त्यातून दिसून आले. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमालाही या अनुभवाचा आधार मिळाला. हाच धडा आज कार्यालये आणि कारखान्यांनाही उपयोगी आहे.

प्रश्नाची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात. भारतात २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले होते. पुण्यातील एका तरुण सनदी लेखापाल महिलेच्या मृत्यूनंतर कामाच्या ताणाचा प्रश्न देशभर चर्चेत आला आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची स्वतःहून दखल घेतली.

आधी कामाकडे पाहावे

अवाजवी कामाचा बोजा, अस्पष्ट जबाबदाऱ्या, ऐनवेळी बदलणाऱ्या पाळ्या, अपमानास्पद वागणूक आणि नोकरीची अशाश्वती हे ताणाचे प्रमुख स्रोत आहेत. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वैयक्तिक उपायांबरोबरच कामाच्या व्यवस्थेतील बदलांनाही स्थान आहे. आठवड्यातून एकदा योगवर्ग आणि रोज रात्री उशिरापर्यंत बैठका, अशा व्यवस्थेतून ताण कमी होत नाही. कामाचे वाटप मनुष्यबळाच्या प्रमाणात करणे, पाळ्या ठरविताना कर्मचाऱ्यांचे मत घेणे, कामाच्या वेळेनंतरच्या संदेशांना मर्यादा घालणे आणि मंजूर रजा खरोखर उपभोगू देणे, हे उपाय मालकाच्या हातातील आहेत.

वरिष्ठांची भूमिका

वरिष्ठांनी आजाराचे निदान करणे अपेक्षित नाही. वारंवार गैरहजेरी, वाढत्या चुका, चिडचिड किंवा अबोलपणा असे बदल लक्षात आल्यास त्यांनी कर्मचाऱ्याशी एकांतात बोलावे, सल्ला देण्याआधी ऐकून घ्यावे आणि कामात कोणता बदल केल्यास मदत होईल, हे विचारावे. या संवादातील माहिती गोपनीय राहिली पाहिजे. मूल्यमापनात ती आपल्याविरुद्ध वापरली जाईल, अशी भीती असेल तर कोणीही पुढे येणार नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या व्यक्तीला एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. उपचारानंतर परतणाऱ्या कर्मचाऱ्यावर पहिल्याच दिवशी पूर्ण भार न टाकता काम टप्प्याटप्प्याने वाढवावे.

कायद्याचे संरक्षण

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजारामुळे येणाऱ्या दिव्यांगत्वाचाही समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना त्या कारणावरून सेवेतून काढू शकत नाही किंवा पदावनत करू शकत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार वैद्यकीय विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच स्थान देणे बंधनकारक आहे. कर्मचाऱ्यांसाठी सामूहिक विमा घेताना मालकांनी ही तरतूद तपासून घ्यावी.

स्वतंत्र समुपदेशक नेमणे न परवडणाऱ्या लहान आस्थापनांना ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा आधार घेता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मदत मिळते आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक हजेरीपटाजवळ लावण्यास कोणताही खर्च येत नाही. मात्र त्यावर दूरध्वनी करण्यासाठी कर्मचाऱ्याला कामातून थोडा वेळ आणि एकांत मिळेल, याची खात्री मालकानेच करावी लागेल.