तिलावाची चांदी आणि तिलावाची माणसे

युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्याची दृष्टी बहुधा भूमीवरील रणांगणांकडे वळते. समुद्राच्या तळाशी गेलेल्या जहाजांना तो तक्त्यात एखादा आकडा देतो, एवढेच. अलीकडे मात्र उष्ण समुद्रांतील अशा जहाजांची पाण्याखाली जाऊन भेट घेण्याचा छंद सुशिक्षितांत वाढत आहे. यामुळे एका प्रश्नाचा विचार करणे प्राप्त होते: बुडालेल्या जहाजात पाहावयाचे ते काय?

पाठीवर हवेचे नळकांडे बांधून मोकळेपणी बुडी घेण्याचे साधन कूस्तो व गान्याँ या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली सिद्ध केले. पुढे याच कूस्तोने तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ नामक ब्रिटिश मालवाहू जहाज हुडकून काढले. ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी ते बुडविले व त्यात नऊ माणसे प्राणांस मुकली. ते अवघ्या ३० मीटरांवर विसावलेले असल्याने हौशी पाणबुड्यास सहज गाठता येते. आज जगभर त्याची कीर्ती आहे, ती मात्र त्याच्या पोटातील मोटारसायकली व मालमोटारी यांच्यामुळे.

मुंबईशी ज्याचा निकट संबंध, ते ‘तिलावा’ जहाज इतके सुलभ नाही. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ते मुंबईहून आफ्रिकेकडे निघाले. जहाजावर ९५८ माणसे होती; प्रवासी बहुतांशी भारतीय. २३ तारखेच्या पहाटे एका जपानी पाणबुडीने त्यावर पाणतीर सोडला. जहाज लगेच बुडाले नाही. परंतु थोड्याच वेळाने दुसरा पाणतीर लागला आणि २८० जीव गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने दोन दिवसांनी वाचवून मुंबईस परत आणले.

पाण्यात दर १० मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो; म्हणून हौशी पाणबुड्याची सीमा ४० मीटर मानतात. तिलावा सुमारे अडीच किलोमीटर खोल आहे. तेथे मनुष्य बुडी घेऊ शकत नाही, पण यंत्र पोचले. दक्षिण आफ्रिकेत नाणी पाडण्यासाठी चाललेल्या चांदीच्या २,३६४ लगडी त्याने वर काढल्या, आणि २०१७ साली त्या इंग्लंडात पोचल्या. मग त्यांवरून दावा उभा राहून तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ही चांदी व्यापारी उपयोगातील नव्हती, सबब दक्षिण आफ्रिकेच्या सरकारास या दाव्यात खेचता येत नाही, असा निर्णय त्या न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. चांदीची एकेक लगड मोजली गेली. माणसांचा हिशेब कोणत्या न्यायालयात मागावा?

बीड जिल्ह्यातील चकलांब्यासारख्या गावी राहणाऱ्यास समुद्र परका वाटेल. पण पाण्याखाली गेलेले घर म्हणजे काय, हे त्याला शिकवावे लागत नाही. पैठणचा नाथसागर येथून फार दूर नाही. त्या जलाशयाखाली कित्येक गावे गेली. अवर्षणात पाणी ओसरले की परका मनुष्य तेथे दगडांचे अवशेष पाहतो. जुना गावकरी आपला उंबरठा शोधतो. वस्तू तीच, पण पाहणे निराळे. इतिहास लिहावयाचा तो या दुसऱ्या दृष्टीने, असे आमचे मत आहे.

२००१ साली युनेस्कोने स्वीकारलेल्या कराराप्रमाणे जलमग्न वारशाची गणना होण्यास १०० वर्षे पाण्याखाली गेलेली असावी लागतात. तिलावास हा मान २०४२ पूर्वी मिळावयाचा नाही. परंतु त्या रात्री आईच्या कडेवर असलेले मूलही आज ऐंशी उलटून गेलेले असणार. जहाज आणखी शंभर वर्षे तळाशी राहील. माणसांच्या आठवणी तितका काळ थांबणार नाहीत. घरोघरी ज्यांना या प्रवासाचे काही ऐकून ठाऊक असेल, त्यांनी ते आताच लिहून ठेवावे. या कामास बुडी घेण्याची आवश्यकता नाही. वडीलधाऱ्यांपाशी बसून ऐकण्याची मात्र आहे.