धूळ ओढणाऱ्या यंत्राची परीक्षा

इंग्लंडांतील रॉचडेल येथें नेली कर्शॉ ही स्त्री अ‍ॅस्बेस्टॉसचें सूत कांतीत असे. १९२४ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, ती वारली. तिचीं फुप्फुसें तपासणाऱ्या डॉ. विल्यम कुक यांना त्यांत त्या खनिजाचे कण आढळले. पुढें सरकारनें डॉ. मेरेवेदर व अभियंते प्राइस यांजकडे चौकशी सोंपविली. १९३० च्या त्यांच्या अहवालाप्रमाणें ३६३ कामगारांपैकीं ९५ जणांचीं फुप्फुसें निबर झालीं होतीं. वैद्यानें रोग ओळखावा आणि अभियंत्यानें त्याची वाट अडवावी, अशी ही जोडी मोठी समर्पक होती!

धूळ जेथें उठते तेथेंच ती ओढून घ्यावी, हा उपाय ठरला. परंतु ओढणारें तोंड थोडें दूर सरकलें, नळींत तंतू सांचले किंवा पट्टा ढिला पडला, कीं पंखा घरघरत राहतो आणि धूळ मात्र कामगाराच्या नाकांत जाते. आवाजावरून ओढ कळत नाहीं. त्यासाठीं नळींतील दाब व वेग मोजावा लागतो. तोंडाशीं धूर सोडला तर हवेचा ओघ दिसतो. प्रखर प्रकाशाच्या झोतांत एरवीं अदृश्य असणारी धूळहि चमकूं लागते.

१९३१ च्या नियमांनीं दर सहा महिन्यांनीं जाणकाराकडून या यंत्रणेची परीक्षा, दोषांची तत्काळ दुरुस्ती आणि नोंदवही या गोष्टी सक्तीच्या केल्या. नियम मात्र ठराविक कारखानी कामांपुरतेच होते. इमारतींत अ‍ॅस्बेस्टॉस बसविणाऱ्यांना त्यांचा आधार नव्हता. ब्रिटननें त्या खनिजावर सरसकट बंदी घातली ती १९९९ सालीं.