पेरा आणि ताट : एक प्रस्तावना

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019-21 मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे 35 टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, 25 टक्क्यांहून अधिक मुलं उंचीच्या मानाने बारीक आहेत आणि 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. खेड्यांत यातली बरीच मुलं शेतकऱ्याच्या नाहीतर शेतमजुराच्या घरात वाढतात. पिकवणाऱ्यांच्याच घरात ताट अपुरं का राहतं, या प्रश्नातून सामूहिक शेती आणि पोषण यांचा एकत्र विचार करणारं हे क्षेत्र उभं राहिलं. त्यात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचं, कृषी सहायकांचं, अंगणवाडीताईंचं आणि संस्थांमधल्या कार्यकर्त्यांचं मनापासून स्वागत. इथे काम पुष्कळ आहे आणि ते करणारी माणसं कमी आहेत.

आधी शिवाराकडे बघू. मराठवाड्यात खरिपाला मूग, उडीद, ज्वारी, तूर आणि त्यांच्यात इरवड म्हणून अंबाडी, कारळ, चवळी असा पेरा असायचा. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यातली बरीचशी जागा सोयाबीनने घेतली. तसं होण्याला कारणं होती: पीक लवकर हाती येतं, रब्बीला रान मोकळं होतं, दिवाळीच्या सुमारास आडतीवर रोख पैसा मिळतो. पण सोयाबीन घरात शिजत नाही. ते विकून आलेल्या पैशातून आधी दुकानदाराची खत-बियाण्याची उधारी फिटते, मग लग्न, दवाखाना, शिक्षण, आणि उरलं तर डाळ. तणनाशकाने तणाबरोबर कुर्डू, घोळ, तांदुळजा, पाथरीही गेली. या भाज्यांना पैसा पडत नव्हता, म्हणून त्या गेल्याची नोंदही कुठे झाली नाही. रेशनवर 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळतं आणि त्याने पोट भरतं. उपाशी राहण्याचं संकट बऱ्याच अंशी टळलं, ही लहान गोष्ट नाही. मात्र डाळ, पालेभाजी, तेलबिया आणि अंडं यांची जागा गहू-तांदळाने भरून निघत नाही.

म्हणून या क्षेत्रातला कळीचा प्रश्न मला उत्पादनाचा वाटत नाही. काय पेरायचं आणि त्यातलं घरात किती ठेवायचं हे कोण ठरवतं, हा तो प्रश्न आहे. शेतातली खुरपणी, वेचणी, मळणी, बियाणं राखणं ही कामं बाई करते, पेऱ्याचा निर्णय मात्र बहुतेक घरांत तिच्याकडे नसतो. मुलाच्या ताटात काय पडतं ते तिला रोज दिसतं. जिला दिसतं तिच्या हाती निर्णय नाही, आणि पोषणाच्या कित्येक योजना इथेच अडतात.

उस्मानाबाद (आताचं धाराशिव), लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने नेमकं इथे बोट ठेवलं. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनात बायकांचे गट बांधत ही संस्था वाढली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली दुष्काळी वर्षांत तिने एक एकराचं प्रारूप पुढे आणलं. घरच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर बाईने घरच्यांकडून स्वतःच्या निर्णयासाठी मागून घ्यायचा आणि त्यात घरी खाण्याचं आधी लावायचं. 2016 मध्ये या कामाला इक्वेटर पुरस्कार मिळाला.

असा एकर जवळून बघण्यासारखा असतो. पाण्याच्या तोंडाशी मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे असतात, ते एकदम न टाकता आठ-दहा दिवसांच्या अंतराने टाकलेले, म्हणजे भाजी सलग मिळत राहते. पलीकडे गवार, भेंडी, वांगी. तारेवर दोडका आणि वाल, बांधावर शेवगा. मधल्या पट्ट्यात तूर आणि तिच्यात मूग. कडेला गांडूळखताचा वाफा आणि कोंबड्यांचं खुराडं. बाजारातून येणारं फार थोडं, त्यामुळे पाऊस हुकला तरी कर्जाचा डोंगर होत नाही. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी असतं. जास्तीची भाजी गावातच विकली जाते आणि ते पैसे बाईच्या हातात येतात. कंपनीचा भाव, आडत, वाहतूक यांच्याशी त्या पैशांचा संबंध नसतो. घरच्या हिशेबात तिचा शब्द इथून ऐकू यायला लागतो.

यात गट कशासाठी, असं नवखा माणूस विचारतो. एकट्या सुनेने सासऱ्याकडे अर्धा एकर मागितला तर ती हट्टी ठरते. गल्लीतल्या दहाजणींनी एकाच हंगामात मागितला तर घराघरांत त्यावर बोलणं सुरू होतं. सावड आणि इर्जिक या एकमेकांच्या रानात राबण्याच्या रीती आपल्याकडे जुन्याच आहेत. मजुरी परवडत नाही तिथे आजही सावडीने खुरपणी उरकते. बियाण्याचंही तेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं जे बियाणं जपलं, त्याचा विस्तार बाएफ या संस्थेच्या साथीने आणि गटांतून झाला. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा वालाच्या आणि भाताच्या गावठी वाणांची चर्चा शहरांतही पोचली. राखेत घोळून, मडक्यात भरून, वर कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं बी एका घरात उंदराने खाल्लं तर तो वाण त्या घरापुरता संपतो. गटाच्या बीज बँकेतून बी घ्यावं आणि हंगामानंतर वाढवून परत करावं, अशी रीत असली की तो गावात टिकतो.

तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित बायकांच्या संघमांनी, म्हणजे गावगटांनी, हाच धागा धान्यापर्यंत नेला. नव्वदच्या दशकात त्यांनी पडीक रानं वहितीखाली आणण्यासाठी कर्ज दिलं आणि त्याची परतफेड ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवून टंचाईच्या महिन्यांत गरीब घरांना स्वस्तात दिली. कोण किती गरीब हे गावकऱ्यांनीच बसून ठरवलं. सरकारी रेशनचा तांदूळ बाहेरून येत होता तेव्हा हे रेशन त्याच मातीतलं होतं. ज्यांना या क्षेत्रात एकच उदाहरण खोलात वाचायचं आहे त्यांनी हे वाचावं, असा माझा आग्रह आहे.

आता पुराव्याबद्दल. परसबागेने आणि पोषणकेंद्री शेतीने ताटातली विविधता वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. उंची आणि वजनावरचा परिणाम दाखवणं मात्र फार अवघड जातं. ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात 2016 ते 2020 या काळात 148 गावसमूहांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. बायकांच्या गटांत स्थानिक लोकांनीच केलेल्या शेती-पोषणाच्या चित्रफिती दाखवून चर्चा घडवल्या गेल्या. प्रयोगाच्या काही शाखांत आयांचा आणि मुलांचा आहार सुधारला, पण मुलांच्या बारीकपणात किंवा आयांच्या वजनात फरक आढळला नाही. हे वाचून कुणी खचू नये. मुलाची वाढ ताटाबरोबरच स्वच्छ पाण्यावर, शौचालयावर, आईच्या लग्नाच्या वयावर आणि तिच्या विश्रांतीवरही अवलंबून असते. शेतीकडून सगळ्याची अपेक्षा धरली की कार्यक्रमाचे अहवाल खोटे होऊ लागतात. किती बियाण्याच्या पुड्या वाटल्या आणि किती परसबागा उभ्या राहिल्या एवढंच मग मोजलं जातं. त्यातल्या किती बागा होळीनंतर, विहीर तळाला गेल्यावर हिरव्या राहिल्या, हे मोजायला हवं.

दुसरी अडचण याहून बिकट आहे. घरचा अर्धा एकर मागायला आधी घरची जमीन लागते. भूमिहीन बाईचं काय? केरळात 1998 पासून सुरू असलेल्या कुटुंबश्री या सरकारी उपक्रमातल्या बायकांनी गट करून जमीन खंडाने घेतली. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी केरळ आणि तेलंगणातल्या अशा गटशेतांची तुलना त्या-त्या भागातल्या कुटुंबशेतांशी केली, तेव्हा केरळातली गटशेतं उत्पन्नात सरस निघाली. तेलंगणातल्या गटांचं उत्पादन मात्र कमी पडलं. पीक कोणतं, जमीन कशी मिळाली, सरकारी आधार किती भक्कम आणि गटात कोण कोण, यावर हा फरक ठरतो. गट केला की झालं, असं कुणी सांगितलं तर त्याला हे दोन निकाल शेजारी ठेवून दाखवावेत. आपल्याकडे तोंडी खंडाने घेतलेल्या जमिनीवर सहसा ना पीककर्ज मिळत ना विमा, त्यामुळे केरळची वाट जशीच्या तशी इथे उतरणार नाही.

आणि मालकी. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायकांचा प्रचंड समुदाय जमला होता. पुढे संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली आणि अनेक गावांत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. एक एकराच्या प्रारूपात बाईला निर्णय मिळतो, सातबाऱ्यावर नाव मिळेलच असं नाही. वाटणी झाली, नवरा वारला, दिराने रान मागितलं, की तो निर्णयही जातो. पोषणाचे कार्यक्रम हा विषय टाळतात, कारण त्याने घरात वाद होतो. तो टाळून चालणार नाही असं माझं मत आहे आणि या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांनी त्याला सरळ भिडावं.

सुरुवात करायची तर एक गाव घ्या आणि वर्षभर तीन नोंदी ठेवा: शेतात काय पेरलं, त्यातलं काय विकलं, आणि घरात आई आणि लहान मूल काल काय जेवले. जेवणाची नोंद श्रावणात घेतली तशीच चैत्र-वैशाखातही घ्या. पहिल्या भेटीत पुरुषमाणसं उत्तरं देतील, ती ऐकून घ्या. मग खुरपणीच्या वेळी रानात जा, बायकांच्या रांगेत बसा आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन उत्तरांत जिथे फरक पडेल तिथून कामाला लागा.