सीलबंद ध्वनिमुद्रिका आणि पूर्वस्वामित्वाचा पुरावा : लिव्हिंगस्टन संग्रहाच्या विक्रीचा एक अभ्यास

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रिका ही ऐकण्यासाठी निर्माण केलेली वस्तू होय. तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांचा जो बाजार उभा राहिला, त्यात कधीही न ऐकलेल्या, किंबहुना वेष्टनातून बाहेरही न काढलेल्या प्रतीला सर्वाधिक मोल आले. इतिहासलेखनशास्त्रात साधनांचे बहिरंग आणि अंतरंग असे दुहेरी परीक्षण सांगितले आहे. सीलबंद प्रत हे असे साधन आहे की, त्याच्या अंतरंग परीक्षणास हात घालताच त्याचे बाजारमूल्य कोसळते. मग खरेदीदार विश्वास ठेवतो तो कशावर? बीटल्स या इंग्लिश संगीतसमूहाच्या ‘यस्टरडे अँड टुडे’ या तबकडीच्या चोवीस सीलबंद प्रतींची विक्री या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मागे घेतलेले मुखपृष्ठ :

छायाचित्रकार रॉबर्ट व्हिटेकर यांनी २५ मार्च १९६६ रोजी लंडन येथे बीटल्सची काही छायाचित्रे टिपली. खाटकाचे पांढरे अंगरखे घातलेले चौघे तरुण, त्यांच्या अंगाखांद्यावर कच्च्या मांसाचे तुकडे आणि बाहुल्यांची तुटलेली मुंडकी व हातपाय, असे त्यांपैकी एकाचे स्वरूप होते. हेच छायाचित्र अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनीच्या नव्या तबकडीच्या मुखपृष्ठावर आले. वृत्तपत्रे, नभोवाणी केंद्रे आणि विक्रेते यांच्याकडे आगाऊ प्रती पोहोचताच तीव्र नापसंती व्यक्त झाली व जून १९६६ च्या मध्यास कंपनीने सर्व प्रती परत मागवल्या. तोपर्यंत सुमारे साडेसात लाख मुखपृष्ठे छापून झाली होती असे सांगितले जाते.

इलिनॉय राज्यातील जॅक्सनव्हिल येथील कारखान्याने आपल्याकडील बहुतेक प्रती कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या. तथापि एवढा छापील माल वाया घालवण्यापेक्षा जुन्या मुखपृष्ठावरच नवे चित्र चिकटवावे, असा काटकसरीचा मार्ग पुढे निघाला. एका मोठ्या पेटीभोवती बसलेले-उभे बीटल्स असे हे नवे चित्र अगदीच निरुपद्रवी होते. मात्र त्याची पार्श्वभूमी पांढरी असल्याने रिंगो स्टार यांच्या काळ्या स्वेटरच्या गळ्याचा त्रिकोण उजव्या बाजूस खालून पुसटसा दिसे. लोकांनी वाफेने, पाण्याने वरचा कागद सोडवायला आरंभ केला. यातूनच संग्राहकांनी प्रतींच्या तीन अवस्था कल्पिल्या : मुळातच न चिकटवलेली ती पहिली, चिकटवलेली ती दुसरी आणि सोलून काढलेली ती तिसरी. दडपलेली वस्तू दडपल्यामुळेच मौल्यवान व्हावी, हा प्रकार ग्रंथांच्या इतिहासातही अपरिचित नाही.

कपाटातील खोका :

ॲलन लिव्हिंगस्टन हे त्या वेळी कॅपिटॉलचे अध्यक्ष होते. प्रती परत मागवण्याचा निर्णय ज्या कंपनीने घेतला, तिच्याच प्रमुखाने नवे चित्र चिकटवण्यापूर्वी पहिल्या अवस्थेतील प्रतींचा एक खोका घरी आणून कपाटात ठेवला. नष्ट करण्याच्या आदेशाला आदेशकर्त्याच्याच घरी असा अपवाद व्हावा, हे मोठे गमतीचे आहे. त्यामागे दूरदृष्टी होती की निव्वळ हौस, याचा निर्णय करण्याचा मोह अभ्यासकाने टाळलेला बरा.

तो खोका वीस वर्षे तसाच राहिला. नोव्हेंबर १९८६ मध्ये लॉस एंजेलिस येथील विमानतळानजीकच्या एका हॉटेलात बीटल्सच्या चाहत्यांचा मेळावा भरला असता, लिव्हिंगस्टन यांचे पुत्र पीटर यांनी या प्रती प्रथम विक्रीस आणल्या. त्यांत एकोणीस मोनो व पाच स्टिरिओ होत्या. हे प्रमाण तत्कालीन अमेरिकी बाजारातील मोनोच्या वर्चस्वाशी जुळते. परंतु एका खोक्यावरून फार मोठे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. शिवाय विक्री झाली आणि खोका फुटला. समूह म्हणून त्याची जी साक्ष होती, ती आता केवळ ‘लिव्हिंगस्टन प्रत’ या नावापुरती उरली.

पुढे एप्रिल २००६ मध्ये यांपैकी एक मोनो प्रत डॅलस येथील लिलावात सुमारे ३९ हजार डॉलरना गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये एका स्टिरिओ प्रतीस १ लाख २५ हजार डॉलर आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण इतक्या अक्षरशः क्वचितच खरी ठरली असेल.

वेष्टन की साक्ष :

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या किमतीचा आधार वेष्टन हा नाही. उष्णतेने आकसणारी पारदर्शक फिल्म कोणत्याही साध्या यंत्रावर पुन्हा चढवता येते आणि वापरलेल्या तबकड्या अशा रीतीने ‘नव्या’ करून विकण्याची लबाडी या व्यापारात जुनी आहे. सील हा सर्वांत बलवान वाटणारा पुरावा प्रत्यक्षात सर्वांत दुबळा आहे. खरेदीदाराने पैसे मोजले ते ‘ही वस्तू अमुक कारखान्यातून अमुक गृहस्थाच्या कपाटात गेली व तेथून थेट येथे आली’ या कथनासाठी. आणि त्या कथनाचा आधार म्हणजे लिव्हिंगस्टन कुटुंबाची साक्ष.

सील जतनाच्या दृष्टीनेही हितावह नाही. ही फिल्म वर्षानुवर्षे आकसत राहते; तिच्या ताणाने पुठ्ठ्याच्या कडा वळतात, आतील तबकडीही वाकते. म्हणूनच ध्वनिसंग्रहालयांमध्ये ती काढून टाकण्याकडे कल असतो, तर बाजार तिला हात लावू देत नाही. तबकडीवरील अकरा गीते अन्यत्र सहज ऐकावयास मिळतात. या चोवीसांपैकी ज्या प्रती अद्याप बंद आहेत, त्यांच्या आतील तबकडी सपाट आहे की वाकलेली, हे मात्र त्यांच्या मालकांनाही सांगता येणार नाही.

ॲलन लिव्हिंगस्टन यांचे २००९ मध्ये निधन झाले. ज्या प्रतीची कागदपत्रांपासून ताटातूट झाली असेल, तिच्याविषयी विचारणा करावी अशी ती मूळ व्यक्ती आता उरलेली नाही.