अक्षरावरची नागमोडी रेघ



पोर्तुगीज भाषेत ‘पांव’ म्हणजे भाकरी आणि ‘पाउ’ म्हणजे काठी. उच्चारात भेद काय तो अनुनासिकाचा. हे अनुनासिक कागदावर दाखविण्याचे काम अक्षराच्या माथ्यावरची एक लहानशी नागमोडी रेघ करते. पोर्तुगीज तिला ‘तिल’ म्हणतात, स्पॅनिश लोक ‘तिल्दे’ म्हणतात. आपला ‘पाव’ हा शब्द याच भाकरीचा वंशज होय. मात्र मराठीत येता येता त्याने आपले अनुनासिक वाटेतच टाकून दिले.

‘तिल्दे’ हा शब्द लॅटिन ‘तितुलुस’ यापासून निघाला. तितुलुस म्हणजे माथ्यावर लिहिलेला लेख. प्रभू येशूच्या क्रुसावर लावलेल्या फलकालाही लॅटिनमध्ये हेच नाव आहे. मध्ययुगात मठांतील लेखक चामड्याच्या पत्रांवर हाताने ग्रंथ उतरीत. चामडे महाग आणि श्रमही फार. म्हणून शब्दातील काही अक्षरे गाळून त्या जागी वर एक आडवी रेघ ओढण्याचा प्रघात पडला. ‘येथे काही वगळले आहे, वाचकाने ते ओळखावे’ एवढाच तिचा अर्थ. विशेषतः ‘म’ आणि ‘न’ ही अक्षरे अशी वारंवार गाळली जात. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीन-मोजणीचा प्रसिद्ध ग्रंथ, डूम्सडे बुक, अशा संक्षेपांनी भरलेला आहे.

या काटकसरीतूनच स्पेनमध्ये एक नवे अक्षर जन्मास आले. लॅटिन ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष. त्यातील जोड ‘न्न’ लिहिताना एक ‘न’ खाली आणि दुसऱ्याची खूण वर, अशी पद्धत रूढ झाली. पुढे त्या जोडाचा उच्चारच ‘न्य’सारखा झाला, आणि ‘आन्यो’ हे रूप सिद्ध झाले. आज स्पॅनिश वर्णमालेच्या सत्तावीस अक्षरांत हे स्वतंत्र पंधरावे अक्षर आहे. रेघ विसरली तर ‘पेन्या’ म्हणजे खडक, याचे ‘पेना’ म्हणजे दुःख होते.

पोर्तुगीजांची वाट वेगळी. त्यांच्या बोलीत दोन स्वरांमधला ‘न’ झिजून नाहीसा झाला, पण जाता जाता मागच्या स्वराला नाकात बोलावयास लावून गेला. स्पॅनिशमध्ये हात म्हणजे ‘मानो’, पोर्तुगीजमध्ये ‘मांव’. तिकडे लोकर ‘लाना’, इकडे ‘लां’. वरची रेघ म्हणजे त्या गेलेल्या ‘न’चे स्मारकच.

मिशनऱ्यांबरोबर हे चिन्ह पूर्वेकडेही आले. व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत बसविण्याच्या कामात फ्रान्सिस्को द पिना या पोर्तुगीज जेझुइटाचा मोठा वाटा होता, आणि आलेक्सांद्र द रोद यांचा त्या भाषेचा कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. तेथे ही रेघ नाकातला स्वर दाखवीत नाही, तर आवाजाची एक विशिष्ट चढण दाखविते. साध्या स्वरात ‘मा’ म्हणजे भूत. या रेघेसह तोच ‘मा’ घोडा होतो. संस्कृत ग्रंथ रोमन लिपीत छापणारे पंडितही आपल्या ‘ञ’साठी स्पॅनिश अक्षरच वापरतात.

एवढ्याशा रेघेसाठी एक राष्ट्र भांडलेही आहे. स्पेनमध्ये हे अक्षर नसलेले संगणक-कळफलक विकण्यास मनाई होती. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने हा नियम खुल्या व्यापाराला बाधक ठरविला. स्पेनमधील लेखक आणि विद्वान खवळून उठले. अखेर १९९३ च्या एप्रिलमध्ये तेथील सरकारने मास्ट्रिख्ट करारातील संस्कृतिरक्षणाच्या कलमाचा आधार घेऊन अक्षराचे स्थान कायम केले.

आता आपल्या घरात पाहू. ‘दन्त’ या शब्दातील ‘न्’ झिजला आणि ‘दांत’ झाला. ‘पञ्च’चे ‘पांच’ झाले. ‘ग्राम’ आणि ‘नाम’ यांतील ‘म’ विरून ‘गांव’ आणि ‘नांव’ झाले. पोर्तुगीज ‘मांव’ची जी कहाणी, तीच यांची. लॅटिनच्या लेकीने आणि संस्कृतच्या लेकीने, एकमेकींना न विचारता, हरवलेल्या व्यंजनाची खूण अक्षराच्या डोक्यावरच जपली. १९६२ च्या लेखननियमांनी मराठीतील असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मुलांचा भार हलका झाला हे खरेच. शिक्षक म्हणून मला ते मान्य आहे. पण ‘दात’ लिहिताना तो ‘दन्त’चा वारस आहे, हे सांगण्याचे काम पूर्वी एक ठिपका करीत असे; आता ते शिक्षकाने केले पाहिजे.

कोकणीत मात्र हे स्वर अजून नाकातच नांदतात. गोव्यात २४ जूनला संत योहानाच्या सणाला ख्रिस्ती तरुण डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरींत उड्या घेतात. त्या सणाच्या पोर्तुगीज नावात दोन तिल आहेत. कोकणी नाव ‘सांजांव’, त्यात अनुस्वारही दोनच. मठातल्या लेखकाने चामडे वाचविण्यासाठी ओढलेली रेघ समुद्र ओलांडून आली आणि आपल्या ठिपक्याच्या रूपाने गावोगाव बोलली जाऊ लागली. जुने पुस्तक उघडाल तेव्हा अशा ठिपक्यावर क्षणभर थांबा. त्याखाली एखादे हरवलेले अक्षर असण्याचा संभव आहे.