आवलीची बाजू

तुकोबांच्या बायकोला आमच्या कीर्तनपरंपरेनं फार वाईट वागवलं आहे. आवली म्हणजे कजाग, आवली म्हणजे तोंडाळ, आवली म्हणजे देवमाणसाच्या वाट्याला आलेला भोग. माझे वडील, आप्पा, नारदीय कीर्तन करत. त्यांची आख्यानांची जाडजूड वही आता माझ्याकडे आहे आणि तिच्यावरूनच मी उभी राहायला शिकले. तुकारामचरित्राच्या पानांवर आवली जिथे जिथे येते, तिथे समासात एकच शब्द लिहिलेला आहे : 'हशा'. आप्पांना त्यांच्या गुरूंनी तसंच शिकवलं होतं, गुरूंना त्यांच्या गुरूंनी. पेटीवाले आणि तबलजीसुद्धा त्या जागा ओळखून असत.

हा हशा पहिल्यांदा थांबवला तो एका चित्रपटानं. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', १९३६.

मी कीर्तनकार आहे, चित्रपटाची अभ्यासक नाही. पण संतकथा सांगणं हा आमचा पिढीजात व्यवसाय, आणि हीच कथा दुसऱ्या कुणी आमच्यापेक्षा खोलवर सांगितली तर ते ओळखता येतं. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडचा बहुतेक माल महिपतींचा. राहुरीजवळच्या ताहराबादच्या या माणसानं १७६२ साली 'भक्तविजय' आणि पुढे १७७४ साली 'भक्तलीलामृत' लिहिलं, आणि महाराष्ट्रातल्या कीर्तनकारांच्या कित्येक पिढ्यांची सोय करून ठेवली. महिपतींची ओवी सोपी, प्रसंग डोळ्यांसमोर उभे करणारी. आवलीच्या लुगड्याची गोष्ट त्यांचीच. रुक्मिणी गरीब बाईचं रूप घेऊन दारात येते, अंगावर वस्त्र मागते; तुकोबा आवलीचं वाळत घातलेलं एकुलतं एक लुगडं देऊन टाकतात. आवली संतापते आणि दगड घेऊन देवळात जाते, विठोबाचे पाय फोडायला. ज्यानं माझ्या संसाराचं वाटोळं केलं त्याचेच पाय मोडते, म्हणजे पुन्हा कुणाच्या घरात शिरणार नाही!

कीर्तनात हा प्रसंग रंगतो तो तिच्या अविचारामुळे. श्रोत्यांना ठाऊक असतं की लुगडं मागायला आलेली प्रत्यक्ष रुक्मिणी होती, आवलीला ते ठाऊक नसतं. सगळी गंमत या अंतरात. ती नेसणार काय, हा प्रश्न गोष्टीत कुणी विचारत नाही, कारण देव पुढच्याच ओवीत सगळं निभावून नेतो.

नारदीय कीर्तनाची घडणच तशी आहे. पूर्वरंगात सिद्धांत मांडायचा, मग आपणच एक शंका काढायची, आणि तिचं निरसन करायचं. उत्तररंगात त्याच सिद्धांताचं आख्यान. शंका उरवून कीर्तन संपवणं म्हणजे श्रोत्याला अर्ध्या जेवणावरून उठवणं. त्यामुळे आवलीनं काढलेली शंकासुद्धा आम्ही फेडूनच टाकतो. देव येतो, धान्याची पोती येतात, तिचं तोंड बंद होतं, आणि आरतीचं ताट फिरतं.

प्रभातच्या चित्रपटात दगडाऐवजी चप्पल आहे, आणि लुगड्याऐवजी आजारी मुलगा. जिजाई (चित्रपटात तिला जिजाई म्हणतात) एका हातानं पोराला ओढत, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन देवळात घुसते. शिवराम वाशीकरांनी पटकथेत केलेला हा बदल वरवर लहान दिसतो, पण त्यानं सगळं उलटंपालटं होतं. लुगड्याला हसता येतं. तापानं फणफणलेल्या पोराला हसता येत नाही. आता देवळात जी उभी आहे ती एक आई आहे, आणि तिनं देवाला विचारलेला जाब बिनतोड आहे.

हा चित्रपट मी पहिल्यांदा लहानपणी आमच्या साताऱ्याकडच्या गावच्या यात्रेत पाहिला, तंबूत. प्रिंट इतकी झिजलेली होती की पडद्यावर पाऊस पडत होता. पुढच्या बायकांनी चपला काढून मागे ठेवल्या होत्या आणि खेळ सुरू होण्याआधी पडद्यासमोर नारळ फुटला होता. चप्पल घेऊन जिजाई देवळात शिरली तेव्हा याच बायका एकदम गप्प झाल्या. कीर्तनात इथेच हशा यायचा, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

जिजाईचं काम करणाऱ्या गौरी मूळच्या नटी नव्हत्या. प्रभातमध्ये त्या आधी झाडलोटीच्या कामावर होत्या, मग गर्दीतल्या भूमिका करू लागल्या, आणि तिथून थेट इथवर आल्या. मला त्यांच्या चालण्यात, पदर खोचण्यात, पोरांवर ओरडण्यात जे दिसतं ते कुठल्या नाटक मंडळीत शिकवलं जात नव्हतं. समोर तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस मात्र रंगभूमीवरचे, स्वदेश हितचिंतक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे. त्यांना घेण्याला कंपनीत सुरुवातीला विरोध झाला होता. पडद्यावर ते जवळजवळ काही करत नाहीत. गातात, ऐकतात, बघतात. एक माणूस संसारातून हळूहळू वर उचलला जातो आहे आणि एक बाई त्याला पाय धरून खाली ओढते आहे, आणि बघणाऱ्याला दोघांचंही बरोबर वाटतं. विष्णुपंतांची शांतता आणि गौरीबाईंचा आरडाओरडा यांपैकी एक जरी कमी असतं तरी हे जमलं नसतं.

दिग्दर्शक दोघे : विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. कंपनीत दामलेमामा आणि साहेबमामा. दोघेही कोल्हापुरात, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हात तयार झालेले. १९२९ साली व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी प्रभात काढली आणि १९३३ साली ती पुण्याला आणली. कलेची बाजू साहेबमामांची. देहूचं ते घर, ते देऊळ, इंद्रायणीचा तो काठ एका मुसलमान कारागिराच्या नजरेतून आला आहे, आणि त्यात परकं काही सापडत नाही. पुढे १९४० साली याच जोडीनं 'संत ज्ञानेश्वर' केला, तेव्हा ज्ञानेश्वर झाले अहमदनगरचे शाहू मोडक, जन्मानं ख्रिस्ती. त्यांनी पडद्यावर श्रीकृष्णही अनेकदा केला. आज हे वाचून कुणाला नवल वाटेल. माझ्या आजीच्या पिढीनं देव्हाऱ्याशेजारी त्यांचे फोटो लावले, आणि नाव विचारलं नाही.

पडद्यावर देव आणण्याची सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांची. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. त्या काळच्या प्रेक्षकाला चमत्कार डोळ्यांनी दिसत होता, यातच त्याचं समाधान होतं, आणि ते समजण्यासारखं आहे. चमत्कार दामले-फत्तेलालांकडेही आहेत : इंद्रायणी वह्या परत करते, गरुड पंख हलवत उतरतो. पण त्यांच्या चमत्कारानं जिजाईची चूल पेटत नाही, निदान कायमची नाही. एवढं त्यांनी सांभाळलं.

हे सांभाळणं किती अवघड होतं ते एक वर्ष आधीच्या 'धर्मात्मा'वरून कळतं. प्रभातचाच, १९३५ सालचा, व्ही. शांतारामांचा. एकनाथांवर, आणि एकनाथ साक्षात बालगंधर्व. चित्रपटाचं नाव होतं 'महात्मा'. सरकारी सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावं लागलं. विषय अस्पृश्यतेचा, ब्राह्मण संत महाराच्या घरी जेवतो. पाहताना आजही डोळे भरतात. पण त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं होतं. आणि पुढे गांधीजींना दिलेल्या उत्तरात त्यांनी या चित्रपटाचं नाव घेऊन आक्षेप नोंदवला : एकनाथ अस्पृश्यांना शिवले, त्यांच्याबरोबर जेवले, ते जात मोडायची होती म्हणून नव्हे, विटाळ गंगेत धुऊन जातो अशी त्यांची श्रद्धा होती म्हणून.

एकनाथांचं आख्यान मी वर्षानुवर्षं सांगते. पैठणच्या गोदाकाठी तापलेल्या वाळूतून महाराचं पोर त्यांनी कडेवर उचललं, हे सांगताना माझा आवाज आपोआप जड होतो. तरीही बाबासाहेबांचा आक्षेप मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. 'धर्मात्मा'त तो आक्षेप घेणारं माणूसच नाही. वाळूत भाजणाऱ्या त्या पोराला, त्याच्या आईला, संताची दया पुरेशी आहे की नाही हे कुणी विचारत नाही. संत चांगला, छळणारे वाईट, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं आहे तो हात जोडून उभा. आक्षेप बाहेरून, दुसऱ्याच लढ्यातून यावा लागला. 'संत तुकाराम'मध्ये तो घरातूनच येतो, रोज, सकाळ-संध्याकाळ.

म्हणून मला वाटतं, संतपटाची परीक्षा भक्तीनं करू नये. भक्ती सगळ्यांतच आहे, भरपूर आहे. ज्याला त्या भक्तीची किंमत मोजावी लागते त्याला त्यात बोलायला मिळतं का, एवढं बघावं. या मापानं 'संत ज्ञानेश्वर' मला थोडा उणा वाटतो. देखणा आहे, भिंत चालते, रेडा वेद बोलतो, पण त्या भावंडांची अनाथ उपासमार चमत्कारांच्या झळाळीत मागे पडते. १९४१ चा 'संत सखू' वेगळा. कऱ्हाडच्या सखूला सासू छळते, आणि पांडुरंग तिच्या जागी सासरी राबतो. हंसा वाडकरांनी केलेली सखू बायकांना फार जवळची वाटली. पण तिथेही बाई सोसतेच. देवाला जाब विचारणारी एकटी जिजाई.

लोकांनी 'संत तुकाराम' कसा घेतला हे सर्वांना माहीत आहे. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो ५७ आठवडे चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. पागनीसांच्या पाया पडायला लोक येत, आणि आज घराघरांतल्या तसबिरींत जे तुकोबा दिसतात त्यांच्यात पागनीसांचा चेहरा मिसळलेला आहे. केशवराव भोळ्यांच्या चालीत बसवलेलं शांताराम आठवल्यांचं एक पद लोकांना तुकोबांचाच अभंग वाटलं. भजनी मंडळांत ते गायलं गेलं आहे, आमच्याही. पण जिजाईची तसबीर कुठे लागली नाही.

चित्रपटाचा शेवट वैकुंठगमनाचा. तुकोबा तिला बरोबर चल म्हणतात, ती संसार टाकून जात नाही. गरुडाचं विमान वर जातं आणि ती खाली राहते. पडद्यावर खेळ तिथे संपतो, कीर्तनही तिथेच संपतं. वैकुंठगमन झालं की 'हेचि दान' म्हणून सगळे उभे राहतात. इतिहास मात्र पुढे चालू असतो. १६५० च्या त्या फाल्गुनात, बीजेच्या दिवशी, आवली गरोदर होती. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई मोठ्या दुष्काळात आधीच गेलेली. आवलीच्या पदरात महादू, विठोबा आणि मुली. नारायण वडील गेल्यावर जन्मला. त्याला वाढवलं ते हिनं. आणि याच नारायणबाबांनी १६८५ च्या सुमारास ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एका पालखीत ठेवून देहू-आळंदीहून पंढरपूरला न्यायची प्रथा घातली. आषाढीला लाखो माणसं जी वाट चालतात ती या घरातून निघाली.

मागच्या वर्षी बीजेच्या कीर्तनात मी वैकुंठगमनानंतर खाली बसले नाही. नारायणबाबांच्या जन्मापर्यंत कथा पुढे नेली, आवलीनं ते घर कसं चालवलं असेल ते सांगितलं. आयोजक घड्याळ दाखवत होते, आरतीचं ताट तयार होतं. समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं मध्येच मोठ्यानं विचारलं, "मग त्या माउलीला खायला कोण घालत होतं गं?"

मी तबलजींना थांबायला सांगितलं आणि त्या आजींना म्हटलं, "आजी, ते पोथीत नाही. तुम्हीच सांगा." आणि त्या सांगू लागल्या : म्हशीचं दूध, शेजारणीचं दळण, माहेरहून आलेलं धान्य. पाठोपाठ दुसऱ्या बायका बोलू लागल्या. आरतीला उशीर झाला.