शंभराचा दंड आणि कुलूप लागलेली घरं

निवडणूक आली की टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मत न देणाऱ्याला दंड ठोका, मग बघा कशी रांग लागते!" मीही पूर्वी असंच बोलायचो. पण मंडळी, हा घाट शेजारच्या गुजरातने घालून पाहिलाय. त्याचं काय झालं ते बघा.

2009 मध्ये तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचं विधेयक मंजूर झालं. राज्यपाल कमला बेनीवाल यांनी ते परत पाठवलं. 2011 मध्ये ते पुन्हा मंजूर झालं आणि 2014 मध्ये राज्यपाल ओ. पी. कोहली यांची सही झाली. 2015 मध्ये दंड ठरला 100 रुपये. त्याच ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. पावती फाडायची वेळच आली नाही.

दंडाने टक्का वाढतच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात 1922 ला मतदान साठ टक्क्यांच्याही खाली होतं. 1924 ला कायदा आला, 1925 ला ते 91 टक्क्यांवर गेलं. आज तिथे दंड आहे 20 डॉलर. पण तिथे मतदान शनिवारी असतं, आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं, टपालानेही देता येतं. कारण पटलं तर दंड माफ. दंडासोबत सोयही आहे.

आपल्याकडे 1951 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या चर्चेत सक्तीचा मुद्दा निघाला होता. व्यवहारात अडचणी येतील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो मान्य केला नाही. 2015 मध्ये विधी आयोगानेही नकोच म्हटलं.

त्या अडचणी मी 26 एप्रिल 2024 ला पाहिल्या. लोकसभेचं मतदान होतं, मी सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका गावात बातमीसाठी गेलो होतो. अर्ध्या गल्लीला कुलूप. एक आजोबा म्हणाले, "पोरगं पुण्याला बांधकामावर हाय. यायचं म्हणलं तर दोन दिवसाची हजेरी जाते, गाडीभाडं वेगळं." त्याला वरून शंभराचा दंड लावायचा?

बाहेरगावी असलेल्यांना तिथूनच मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये पक्षांना एक यंत्र दाखवायला बोलावलं होतं. एका यंत्रावर 72 मतदारसंघ. पक्षांनी विरोध केला, विषय तिथेच थांबला.

घरी बसून सुट्टी साजरी करणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण दंडाचा कागद कुलूप लागलेल्या दारावर चिकटवण्याआधी त्या माणसापर्यंत मतपेटी न्या, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या गावातले किती जण मतदानाला येऊ शकले नाहीत? कॉमेंटमध्ये नक्की सांगा.